मुंगीने वर आणलेला मणी

मुंगी काळी होती, लांबीला सहा-सात मिलिमीटर. तिने जबड्यात धरलेली वस्तू पांढरी, गोल आणि तिच्या डोक्याहून जराशी मोठी होती. बिळाच्या तोंडापासून खड्यांच्या कड्यापर्यंतचं वीतभर अंतर कापायला तिला चार मिनिटं लागली. दोनदा ती वस्तू निसटली, दोनदा तिने ती परत पकडली. शेवटी कड्यावर चढून तिने ती इतर खड्यांमध्ये टाकून दिली आणि मागे वळूनही न पाहता पुन्हा बिळात शिरली.

त्या पांढऱ्या वस्तूला बरोबर मधोमध भोक होतं.

"चिमटे! झोपलीस का तिथे?" काटेरी झुडपांपलीकडून कप्तान ओरडला. "सुट्टीतली मोहीम आहे ही, डुलकी नाही!"

चिमटी पोटावर पालथी पडली होती आणि तिच्या डोळ्याला भिंग होतं. बारा वर्षांच्या या मुलीच्या खिशात कायम एक चिमटा असायचा, म्हणून तिचं हे नाव पडलं होतं. आज मात्र तिने चिमटा बाहेर काढला नव्हता. मावशीचा पहिला नियम होता: जागेवरची वस्तू जागेवरून हलवायची नाही.

"इकडे ये," ती हळूच म्हणाली. "आणि पाय बघून टाक!"

कप्तान आला. तो तिचा मावसभाऊ, तिच्याहून एका वर्षाने मोठा. आपण सगळ्यांचे पुढारी आहोत, असं तो स्वतःच जाहीर करून मोकळा झाला होता. त्याच्या मागोमाग चिमटीचा सात वर्षांचा धाकटा भाऊ टिल्लू, एक लाकडी गाडी दोरीने ओढत आला.

"एवढुसं!" भिंगातून बघून कप्तान म्हणाला. "प्लास्टिकचं असेल. कुणाच्या तरी शर्टाचं काहीतरी पडलं असेल."

"भोक बघ नीट. दोन्ही बाजूंना रुंद आणि मधे अरुंद. डमरूसारखं! यंत्राने पाडलेलं भोक सरळ असतं. असं भोक कधी होतं, आठवतंय? परवाच तर मावशीने सांगितलं."

कप्तानचा चेहरा पालटला. "एका बाजूने अर्धं पाडायचं, मग उलटवून दुसऱ्या बाजूने. हाताने!" तो पुन्हा वाकला. "म्हणजे हा मणी आहे? कुणीतरी हाताने केलेला?"

"आणि आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत, तो जमिनीतून वर आला."

मुंग्यांची ये-जा चालूच होती. मग चिमटीचं लक्ष कड्याच्या टोकाशी उभ्या असलेल्या लाकडी खुंटीकडे गेलं. तिचा खालचा भाग मुंग्यांनी आणलेल्या खड्यांमध्ये बुडाला होता. वर लाल रंगात आकडा होता: एकशे चौऱ्याण्णव.

"कप्तान," ती म्हणाली, "या खुंटीपाशी खड्डा खणून झालाय ना?"

"दोनशेच्या दोनशे खड्डे खणून झालेत. म्हणून तर आई उद्या अहवालावर सही करणार आहे!"

"मग हे मुंग्यांचं घर अजून इथे कसं?"

* * *

चिमटीची मावशी म्हणजे कप्तानची आई. तिचं काम असं की, कुठे मोठा रस्ता व्हायचा असला की त्याआधी जाऊन जमिनीखाली शोध घ्यायचा. खाली कुणाची जुनी वस्ती आहे का, कुणाची चूल, कुणाचं घर? कारण एकदा यंत्रं फिरली की विचारायला काही उरत नाही. जंगलातून जाणाऱ्या या रस्त्यासाठी तिने दर तीस मीटरवर एक खुंटी रोवून घेतली होती. प्रत्येक खुंटीपाशी अर्धा मीटर रुंद, अर्धा मीटर लांब आणि एक मीटर खोल खड्डा खणायचा, माती चाळायची, फोटो काढायचा, पत्रक भरायचं आणि खड्डा बुजवायचा. आणि बुजवण्याआधी तळाशी निळ्या प्लास्टिकचं एक झाकण टाकायचं.

"झाकण कशाला?" पहिल्याच दिवशी टिल्लूने विचारलं होतं.

"पन्नास वर्षांनी कुणी इथे पुन्हा खणलं, तर त्याला कळायला हवं की इथवर आधी कुणीतरी येऊन गेलंय," मावशी म्हणाली होती. "निळं झाकण लागलं, की तो म्हणेल, अरेच्चा, आपल्या आधीचे लोक!"

कार्यालय जंगलाच्या कडेला, एका बंद पडलेल्या शाळेत होतं. फळ्यावर मोठा नकाशा चिकटवलेला होता आणि त्यावर दोन रेघा होत्या. लाल रेघ जंगलाला सरळ चिरून जायची. निळी रेघ टेकडीला वळसा घालून जायची, म्हणजे चार किलोमीटर जास्त आणि वर एक पूल. या दोहोंतली एक रेघ रस्त्याच्या मोठ्या साहेबांना निवडायची होती. आठ महिने ते "बघू" म्हणत होते. आता मात्र लाल रेघेच्या तोंडाशी पिवळी यंत्रं येऊन उभी राहिली होती. मावशीने "खाली काही नाही" असं लिहून सही केली, की बुधवारपासून झाडं पडायला सुरुवात होणार होती.

मुलं धापा टाकत आली, तेव्हा मावशी अहवालाच्या प्रती काढायला शहरात गेलेली होती. शाळेत होती फक्त झाडवाली ताई. ती लाल रेघेवरच्या एकेका झाडाची नोंद करायची, आणि झाडांवरच्या, झाडांखालच्या सगळ्या जीवांचीही.

"ताई, मुंग्यांचं घर किती दिवसांत होतं?" चिमटीने विचारलं.

"केवढं?"

चिमटीने वहीत बघितलं. तिने टेपने मोजून आणलं होतं. "खड्यांचं कडं नव्वद सेंटिमीटर रुंद."

ताईने हातातली पेन्सिल खाली ठेवली. "नव्वद? अगं, ते दिवसांत नाही, वर्षांत मोजायचं! त्या दाणे साठवणाऱ्या मुंग्या. खाली दीड-दोन मीटरपर्यंत खोल्या खणतात आणि तिथले खडे एकेक करून वर आणून टाकतात."

"म्हणजे वर पडलेला खडा मुळात खालचा असतो?"

"अगदी खालचासुद्धा असू शकतो. का गं?"

चिमटी तोवर कपाटापाशी पोचली होती. खड्ड्यांची पत्रकं क्रमाने लावायचं काम सुट्टीभर तिच्याकडेच होतं. तिने एकशे चौऱ्याण्णव क्रमांकाचं पत्रक काढलं आणि मोठ्याने वाचलं. "माती तपकिरी, भुसभुशीत. काही आढळले नाही." खाली खड्डे खणून घेणाऱ्या सुपरवायझर काकांची सही. सोबत खड्ड्याचा फोटो. खड्ड्याच्या भिंतीतून एक मूळ बाहेर आलं होतं, गलोलीसारखं दुभंगलेलं.

"खणलाय की!" कप्तानचा चेहरा पडला. "हा काय फोटो."

चिमटीने एकशे पंच्याण्णवचं पत्रक काढलं. गलोलीसारखं मूळ. एकशे शहाण्णव. गलोलीसारखं मूळ! तिने पत्रकं भराभर बाकावर मांडली. एकशे एकोणनव्वदपासून दोनशेपर्यंत प्रत्येक फोटोत तेच मूळ, त्याच भिंतीत, त्याच वळणाचं.

"बारा खड्डे आणि एकच मूळ," ताई सावकाश म्हणाली. "इतकी वर्षं झाडं बघतेय मी. असं फिरतं मूळ काही पाहिलं नाही बाई!"

"म्हणजे काकांनी थापा मारल्यात!" कप्तान ताडकन उठला. "चला, आत्ता जाब विचारू!"

"थांब रे," चिमटी म्हणाली. "ते म्हणतील, फोटो चुकून तोच लागला. मुंग्यांचं घर मधे आलं म्हणून खड्डा जरा बाजूला खणला. मग काय करशील?"

"मग बाजूला खणून बघू! झाकण नाही लागलं, म्हणजे..."

"आणि खाली खरंच काही असलं तर? आपणच फावडं मारून वाटोळं करायचं? मावशी आपल्याला उभं करणार नाही."

कप्तान खाली बसला. तेवढ्यात दारातून खडखडाट करत टिल्लूची गाडी आत आली.

"बाजूला व्हा! माझी आगगाडी येतेय! तीन डबे!"

चिमटीचं लक्ष सहज गाडीकडे गेलं आणि तिथेच खिळलं. फळकुटांचे तीन डबे, प्रत्येक डब्याला चार चाकं. सगळी चाकं निळी.

"टिल्ल्या," ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "ही चाकं तुला कुठे मिळाली रे?"

टिल्लूने गाडी पोटाशी धरली. "मी चोरली नाहीत! काकांनीच दिली. म्हणाले, घे, उरलीत."

तिने चाकं मोजली. मग कप्तानने मोजली, मग ताईने मोजली. प्रत्येकाची बाराच भरली.

* * *

संध्याकाळी मावशीने सगळं ऐकून घेतलं. ती रागावली नाही, हसलीही नाही. पत्रकं एकदा पाहिली, टिल्लूची गाडी उलटी करून पाहिली आणि मग बराच वेळ खिडकीशी उभी राहिली.

"मावशी, तू सही करणार?" चिमटीने विचारलं.

"माझी सही म्हणजे काय, माहितेय? मी सगळ्या जगाला सांगते, की इथे कधी कुणी नव्हतं. तेवढंच वाक्य असतं ते. चुकलं, तर पुन्हा कधीच दुरुस्त करता येत नाही." ती वळली. "उद्या साहेबांसमोर सुपरवायझरला विचारू. त्याचीही बाजू ऐकायला हवी."

"पहिला प्रश्न मी विचारू?" कप्तान म्हणाला. "नम्रपणे!"

"तुझा नम्रपणा मला ठाऊक आहे," मावशी म्हणाली. पण तिने नाही म्हटलं नाही.

सोमवारी बरोबर दहाला मोठे साहेब आले. उंच, पिकल्या मिशांचे, सतत घड्याळ बघणारे. त्यांच्यामागे सुपरवायझर काका होते, गोल चेहऱ्याचे, नेहमीसारखे हसतमुख. शाळेच्या लहान बाकावर साहेबांचे गुडघे मावेनात.

"करून टाका सही, बाई," ते म्हणाले. "आठ महिने झाले. रोज वरून फोन येतात."

मावशीने पेनचं टोपण काढलं आणि कप्तानकडे पाहिलं.

"काका," कप्तान म्हणाला, "एक शंका होती. इतके खड्डे! एखाद्यात झाकण टाकायचं राहून गेलं असेल, नाही का?"

"राहून जाईल?" काका ताठ झाले. "अरे, माझ्या हातून? एकूण एक खड्ड्यात टाकलंय. दोनशे खड्डे, दोनशे झाकणं. हिशेब चोख!"

"आणली किती होती?"

"दोनशेच. मोजून!"

"टिल्ल्या," कप्तानने हाक मारली, "गाडी सोड!"

खडखड खडखड करत तीन डब्यांची गाडी साहेबांच्या बुटापाशी येऊन थांबली. काकांनी गाडीकडे पाहिलं. चाकांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. चिमटीने बारा फोटो ओळीने बाकावर मांडले.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

काकांनी मान खाली घातली. "शेवटचा तुकडा सगळा काट्यांचा होता, साहेब," ते म्हणाले. "वर त्या मुंग्या. माणसं चावून चावून बेजार झाली होती. एकशे अठ्ठ्याऐंशी खड्डे खणले, एकातही काही नाही. म्हटलं, उरलेल्या बारांत वेगळं काय असणार?"

मावशीने पेनला टोपण लावलं.

"मला उद्या दुपारपर्यंतचा वेळ हवा. एकशे चौऱ्याण्णवपाशी एक खड्डा. काल तिथे एका मुंगीने चार मिनिटं खपून हाताने केलेला एक मणी जमिनीतून वर आणलाय."

"बाई, यंत्रं येऊन उभी आहेत! एका मण्यासाठी..."

"आठ महिने तुम्ही दोन रेघांमधली एक निवडताय, साहेब. मी एक दिवस मागतेय."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग टिल्लूच्या गाडीकडे. "उद्या दुपारी एक," ते म्हणाले.

* * *

या वेळचा खड्डा आत बसून काम करता येईल असा, दीड मीटर लांब-रुंद होता; तो मुंग्यांच्या घरापासून तीन पावलं दूर आखला. ही अट ताईची होती. खणायला सुपरवायझर काका स्वतः उतरले.

"बाई, मला नको म्हणू नका," ते म्हणाले होते. "मला खणता येतं. फक्त त्या बारांच्या वेळी मी कामाशी इमान राखलं नाही."

आणि त्यांना खरंच खणता येत होतं! फावड्याची धार आडवी धरून ते दोन बोटं जाडीचा थर असा अलगद उचलत, की तळ फरशीसारखा सपाट राही. माती बादलीतून वर येई, मुलं ती चाळणीवर ओतत. पाला, मुळं, खडे. वीस सेंटिमीटर, काही नाही. चाळीस, काही नाही. दुपार कलली. साठ सेंटिमीटरवर माती काळपट झाली.

"राख," मावशी म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. "काका, फावडं नको आता. मी उतरते."

मंगळवारी सकाळी ती ब्रश आणि बांबूची काडी घेऊन पुन्हा खाली बसली. मुलं काठावर पालथी पडून बघत होती. चौऱ्याहत्तर सेंटिमीटरवर ब्रशखाली एक पांढरा ठिपका उमटला. मग दुसरा. मग शेजारी एक सपाट दगड, त्याच्या मधोमध बोटभर लांबीची खाच. खाचेत पांढरी पूड अजून साचलेली होती.

"मणी घासायची जागा," मावशी कुजबुजली. मोठ्याने बोलावंसं कुणालाच वाटत नव्हतं.

दगडाच्या एका बाजूला शिंपल्याचे नुसते तुकडे होते. त्यापुढे गोल घासलेले, पण भोक न पाडलेले. त्यापुढे अर्धंच भोक पडलेले, आणि भोक पाडताना दोन तुकडे झालेलेही चार-पाच. एखादा माणूस काम करता करता जरा उठून जावा, तसं सगळं जिथल्या तिथे होतं.

आणि दगडाच्या दुसऱ्या बाजूला पूर्ण झालेले मणी होते. ते पसरलेले नव्हते. एकाला एक लागून ते वळणावळणाने जात होते आणि एक लहानसं वर्तुळ जवळजवळ पुरं करत होते. चार-पाच मण्यांची जागा तेवढी मोकळी होती.

"दोरा कुठाय?" टिल्लूने विचारलं.

"दोरा कधीच मातीत विरला, बाळा. ओळ तेवढी राहिली."

हजारो वर्षं वर पाऊस पडला, झाडं उगवली, वाळली, पुन्हा उगवली, आणि खाली ही ओळ जागच्या जागी थांबून राहिली होती. रोज किती माणसं वरून चालत गेली असतील. त्या मुंगीखेरीज कुणालाच पत्ता नव्हता.

"मावशी, मी मोजू? हात न लावता?"

मावशीने मोजपट्टी तिच्या हाती दिली. चिमटी खाली उतरली, श्वास रोखून वर्तुळावर वाकली. आतून चार सेंटिमीटर आणि सहा मिलिमीटर. तिने आकडा वहीत लिहिला आणि त्याच्याकडे बघत राहिली. मग वर येऊन तिने टिल्लूचा हात धरला आणि त्याच्या मनगटाच्या रुंदीवर मोजपट्टी धरली.

"चार पॉइंट चार," ती म्हणाली.

टिल्लूने आपल्या मनगटाकडे पाहिलं. खाली खड्ड्यात पाहिलं. "माझ्याएवढा होता?"

"तुझ्याएवढा. किंवा तुझ्याएवढी," मावशी म्हणाली.

काठावर सावली पडली. मोठे साहेब आले होते. एक वाजायला वीस मिनिटं होती, पण या खेपेस त्यांनी घड्याळ बघितलं नाही. त्यांनी टोपी काढली आणि कुरकुरत्या गुडघ्यांनी ते उकिडवे बसले.

"शिंपला?" त्यांनी विचारलं. "नदीतला?"

"समुद्रातला," मावशी म्हणाली.

"समुद्र इथून गाडीने आठ तास आहे, बाई!"

"हो."

मनातल्या मनात साहेब ती वाट चालत असावेत. टेकड्या, नद्या, हे जंगल. आणि कमरेच्या पिशवीत मूठभर शिंपले.

"तेव्हाही या बाजूने वाट होती म्हणायची," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मग त्यांनी मान वर केली. "मुंगी कुणी पाहिली?"

कप्तानने चिमटीला पुढे ढकललं. "हिने, साहेब! पण मोहिमेचा कप्तान मी."

"चार मिनिटं एका मुंगीकडे बघत राहिलीस?"

"चार मिनिटं दहा सेकंद," चिमटी म्हणाली.

साहेबांच्या मिशा हलल्या. "माझ्या हाताखाली एवढी माणसं आहेत, पण हे एकालाही जमलं नसतं. शाबास, पोरी! आणि कप्तान, माणसाला न दुखवता प्रश्न कसा विचारायचा, तेही शिकावं तुझ्याकडून. हे गाडीवाले कोण?"

"मी!" टिल्लू म्हणाला. "पण आता चाकं परत द्यायची का?"

"अकरा द्यावी लागतील," सुपरवायझर काका खालच्या आवाजात म्हणाले. "ते खड्डे मी उद्यापासून खणतोय. एकेक करून. तुला लाकडाची चाकं करून देईन." मग खड्ड्याकडे नजर टाकून ते मावशीला म्हणाले, "इथे झाकण टाकायचं नाही ना, बाई?"

"नाही," मावशी म्हणाली. "हा खड्डा आता बुजवायचाच नाही."

दूर, रस्त्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या यंत्रांपैकी एकाचा भोंगा वाजला. एक वाजला होता. वाटेवरून कुणीतरी साहेबांना हाक मारली, "साहेब, चालक विचारतायत! काय सांगू?"

साहेब उठले. टोपी त्यांनी अजून हातातच धरली होती. त्यांनी एकदा त्या अपुऱ्या राहिलेल्या ओळीकडे पाहिलं आणि मग गेल्या आठ महिन्यांत जे एकदाही म्हटलं नव्हतं, ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं.

"यंत्रं मागे घ्या. रस्ता निळ्या रेघेनं जाईल."